आजोबांच्या पर्डी बंदुकीवर सोन्यात '२' कोरलेला आहे. तिचा मूळ मालक कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांकडून आलेली बारा बोअरची दुनळी आहे (पर्डी ही बंदुका घडवणारी लंडनची जुनी कंपनी), नळ्यांमधल्या पट्टीवर 'जे. पर्डी अँड सन्स, ऑडली हाउस, साउथ ऑडली स्ट्रीट, लंडन' असं कोरलंय, त्याच पट्टीवर सोन्यात २ हा आकडा बसवलाय, आणि ही बंदूक एका संस्थानिकाने आजोबांना बक्षीस दिली असं घरात सांगतात. तिचा पहिला मालक कळेल का आणि किंमत किती, हे तुम्हाला हवंय.

सगळ्यात आधी प्रश्नासोबतच्या फोटोत दिसणारा अनुक्रमांक झाका. तो नंबर हीच तिची ओळख आहे, तो उघड्यावर असू नये.

आता तो २. फोटो पाहताना माझी नजर त्याच्यावरच खिळली, कारण तुमची बंदूक एकटी जन्मलेली नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाकारे लावून पक्षी उडवायचे आणि शिकाऱ्यांनी एका रांगेत उभं राहून ते डोक्यावरून जाताना टिपायचे, ही पद्धत रूढ झाली. शिकाऱ्याने दोन बार काढले की ती बंदूक मागे उभ्या माणसाच्या हातात द्यायची आणि भरलेली दुसरी घ्यायची. दोन्ही बंदुका वजनाला, तोलाला, दस्त्याच्या मापाला तंतोतंत सारख्या नसतील तर नेम चुकणार. म्हणून त्या जोडीनेच घडवत, कधी तिघी मिळूनही, आणि कोणती कुठली हे चटकन कळावं म्हणून सोन्यात १, २, ३ घालत.

तिघींचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण लॉर्ड रिपन यांचं. आपण शाळेत शिकलो ते १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाचे व्हाइसरॉय रिपन नव्हेत, त्यांचा मुलगा, दुसरा मार्क्विस. घोडे, म्हणजे बार उडवणारे हातोडे, बाहेर असलेल्या तीन पर्डी आणि भरून देणारे दोन मदतनीस घेऊन तो उभा राहायचा. १८६७ पासून त्याने मारलेल्या पक्ष्या-प्राण्यांची नोंद साडेपाच लाखांच्या वर जाते. २२ सप्टेंबर १९२३ ला इंग्लंडातल्या डॅलोगिलच्या माळावर त्या सकाळचे बावन्न ग्राउझ पक्षी पाडून झाल्यावर तो तिथेच कोसळला आणि गेला. तो आकडा वाचून मला फार वाईट वाटतं, हे सांगायलाच हवं. पण लंडनच्या कारागिरांचा हात इतका बारीक झाला तो अशाच गिऱ्हाइकांच्या मागणीमुळे.

तुमची खरोखर पर्डीच आहे ना, हे आधी पाहावं लागेल, कारण या नावाच्या खोट्या बंदुका पुष्कळ निघाल्या. नळ्या उतरवून त्यांचा खालचा सपाट भाग पाहा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ ची सनद आहे आणि लंडनमध्ये नळ्यांची चाचणी तिच्याच प्रूफ हाउसमध्ये होते. तिथला शिक्का म्हणजे मुकुटाखाली 'जीपी' आणि मुकुटाखाली 'व्ही' ही रोमन अक्षरं. त्याऐवजी अंडाकृती चौकटीत 'ईएलजी' दिसलं तर ती बेल्जियमच्या लिएजची आहे, मग वर कोणाचंही नाव असो. दुसरी खूण हाताला कळते. बाहेर घोडे नसलेली पर्डी बहुधा फ्रेडरिक बीस्लीच्या रचनेची असते. हा आधी पर्डींकडेच कामाला होता, आणि १८८० चं आपलं पेटंट त्याने त्यांनाच विकलं. त्या रचनेत बंदूक कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोराने आपोआप उघडते, आणि ती कमान पुन्हा दाबली जाते बंद करताना. त्यामुळे बंद करायला जोर लागतो. 'गंज चढलाय, घासून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याच्या हाती देऊ नका. तिचा स्वभावच तसा आहे.

पर्डी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून ऑडली हाउसमध्ये आले, म्हणजे तुमच्या बंदुकीवरचा पत्ता त्यानंतरचा. नेमकं वर्ष नंबरावरून निघेल. तो चापाच्या संरक्षक पट्टीवर असतो आणि नळ्यांवर नि पुढच्या लाकडाच्या लोखंडी भागावरही. तिन्ही ठिकाणी एकच आहे का ते पाहा. कंपनीकडे जुन्या खातेवह्या आहेत आणि शुल्क घेऊन त्यातला उतारा मिळतो. गिऱ्हाइकाचं नाव, नळ्यांची लांबी, बंदूक कधी तयार झाली, अशा गोष्टी त्यात असतात. जोडीतल्या बंदुकांचे नंबर सहसा लागोपाठ असतात, म्हणून क्रमांक एकबद्दलही त्याच पत्रात विचारा.

पण खातेवही सांगते ते पहिल्या गिऱ्हाइकापुरतं. पुढे बंदूक विकली गेली, भेट दिली गेली, तर दुकानाला कळतं फक्त ती दुरुस्तीला परत आली असेल तेव्हा. एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याने लंडनला घेतली, मायदेशी जाताना इथे विकली, ती संस्थानिकाकडे गेली, असा प्रवास अगदी शक्य आहे. तेव्हा उताऱ्यात राजेसाहेबांचं नाव नाही म्हणून आजोबांची गोष्ट खोटी ठरवू नका. आणि नाव निघालं तरी बक्षिसाचा पुरावा वेगळाच लागेल.

मधल्या मालकांविषयी दस्ता बरंच बोलतो, आणि बंदुकीचा हाच भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. अक्रोडाचा तो दस्ता पहिल्या मालकाच्या अंगाला शिंप्याने बेतावा तसा बेतलेला असतो. चापापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी त्याच्या हाताची, बाक मानेचा, आणि उजव्या खांद्याचा माणूस असेल तर दस्ता किंचित उजवीकडे कललेला. डावीकडे कललेला असेल तर तो डावखुरा, आणि खातेवहीतल्या नावाशी ताडून पाहायला एक धागा मिळाला. मागच्या टोकाला लाकडाचा जोड दिसला तर पुढे कोणी तरी लांब हातांचा मालक आला होता. दस्त्याच्या खालच्या अंगाला छोटी अंडाकृती पट्टी असते. तिच्यावरची आद्याक्षरं किंवा मुद्रा भिंगातून बघा. आधीची अक्षरं घासून नवी घातली असतील तर पट्टी मध्यभागी खोलगट लागते.

भारतातला माग घरातच सुरू होतो. १८७८ च्या कायद्यापासून इथे बंदुकीला परवाना आहे, त्यामुळे आजोबांच्या जुन्या परवान्याच्या पुस्तकात नंबर नि तारीख असणार. बक्षीसपत्र, दरबारातलं पत्र, तारखेसह एखादा फोटो, काहीही टाकू नका. संस्थानाचं नाव ठाऊक असेल तर त्याचं दप्तर शोधा. कोल्हापूर संस्थानाचं असेल तर तिथल्या पुरालेखागारात चौकशी करता येईल.

किमतीचा आकडा मी देणार नाही, फोटोवरून देणारा माणूस विश्वासाचा नसतो. एवढं सांगतो की जोडीतली एकटी बंदूक पुऱ्या जोडीच्या निम्म्याहून कमीला जाते, आणि घासूनपुसून नवी केलेली त्याहून कमीला. कोरीव काम पॉलिशने पुसट झालं की ते परत येत नाही. इंग्लंडातल्या लिलावांचे भाव पाहून हुरळू नका. शंभर वर्षांवरची पुरावस्तू १९७२ च्या कायद्यामुळे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि इथे ती फक्त परवानाधारकालाच विकता येते.

परवाना अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर बाकी सगळं थांबवा. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून अर्ज करा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरूनही एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात.

आणि ती चालवायची इच्छा असेल तर आधी नळीत काडतूस बसतं त्या जागेची लांबी मोजून घ्या. त्या काळच्या बहुतेक बारा बोअर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहेत. डब्यावर लिहिलेली लांबी बार उडाल्यानंतरची असते, त्यामुळे ७० मिलिमीटरचं काडतूस आत बसतं खरं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळ्यांवर धुरविरहित दारूसाठीचा 'एनपी' शिक्का नसेल, किंवा नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या, नक्षीदार असतील, तर जाणत्या बंदूक-कारागिराने भिंतींची जाडी मोजून दिल्याशिवाय तिच्यातून एकही बार काढू नका.