तुमचे प्रश्न : बाबांसाठी ई-रीडर घेऊ का?

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीयत. जन्मभर लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली पण आता जाड पुस्तक धरलं की मनगट दुखतं, अक्षरं बारीक वाटतात आणि मोबाइलवर वाचलं की डोळे चुरचुरतात. किंडलसारखं पुस्तकं वाचायचं मशीन घ्यावं का? पैसे वाया जाणार नाहीत ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : घ्या, पण आधी एक काम करा. बाबांना वाचायचीयत अशी दहा पुस्तकं कागदावर लिहून घ्या आणि ती मराठी ई-बुक म्हणून मिळतात का ते बघा. किंडलचं ॲप मोबाइलवर फुकट आहे, त्यात पुस्तकाची सुरुवातीची काही पानं सॅम्पल म्हणून येतात, ती उघडून अक्षर मोठं करून बघा, जोडाक्षरं नीट दिसतायत ना तेही बघा. दहातली पाच-सहा मिळाली तरी घ्यायला हरकत नाही.

हे सांगतेय कारण खरी अडचण मशीनची नाहीच, मराठी पुस्तकांची आहे. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटी आली, पण जुनी कितीतरी पुस्तकं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली, ती युनिकोडमध्ये बदलताना अक्षरं फुटतात आणि सगळं प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. मग लोक स्कॅन केलेली पीडीएफ घेतात. ती घेऊ नका, कारण त्यात पानाचा फोटो असतो, अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवत बसावं लागतं.

आता फायदा. माझ्या आईला रीडर घेऊन दिला तेव्हा पहिलंच पान उलटताना स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि तिने घाबरून माझ्या हातात दिला, "बिघडलं गं माझ्याकडून!" बिघडलं काही नव्हतं. या स्क्रीनमध्ये शाईचे काळे-पांढरे कण असतात, पान बदललं की ते सरकतात आणि मग तिथेच राहतात, त्यामुळे करंट लागतो तो मुख्यतः पान बदलताना आणि बॅटरी कित्येक दिवस जाते. मग तिने अक्षर इतकं मोठं केलं की पानावर जेमतेम दहा ओळी उरल्या, आणि दुपारी गॅलरीत उन्हात बसून वाचत राहिली, जिथे मोबाइलवर काही दिसत नाही. साधा सहा इंची रीडर २०० ग्रॅमच्या आतच असतो, मनगटाला खरंच आराम पडतो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. पैसे भरले तरी पुस्तक आपल्या मालकीचं होत नाही, वाचायची परवानगी तेवढी मिळते. २००९ मध्ये किंडल बनवणाऱ्या ॲमेझॉनने इंग्रजी लेखक जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती, पैसे परत दिले, नंतर पुस्तकं परत द्यायची तयारीही दाखवली, पण आधी काढली ती न विचारताच. शिवाय वाचून झालं की शेजारच्या काकांना देता येत नाही. म्हणून बाबांची लायब्ररीची मेंबरशिप बंद करू नका, पातळ पुस्तकं तिथूनच येऊ देत.

आणि दिवाळी अंक कागदाचेच आणा, दोन-दोन कॉलमची पानं आणि चित्रं सहा इंचात मावत नाहीत.