फुटबॉलपटूवर खटला चालू असताना क्लब त्याचा पगार थांबवू शकतो का?

आपण विचारले आहे की, एखाद्या व्यावसायिक फुटबॉलपटूवर गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तर निकाल लागण्याआधीच क्लब त्याचा पगार बंद करू शकतो का, आणि पुढे तो निर्दोष सुटला तर त्या पैशांचे काय होते. याचे थोडक्यात उत्तर असे की, करारात तशी तरतूद असेल तर क्लबला तसे करता येते आणि नसेल तर ते फार धोक्याचे ठरू शकते. मी सेवाविषयक दाव्यांत काम करणारा वकील आहे. अशा प्रकरणांत वृत्तपत्रांतली सगळी चर्चा चारित्र्याची असते आणि पैशांचा निकाल मात्र कराराच्या एखाद्या कलमावर लागतो, म्हणून मी ती बारकाईने वाचत आलो आहे.

आपल्याकडचा सरकारी कर्मचारी अटक होऊन 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर तो नियमानेच निलंबित मानला जातो. त्याला निर्वाह भत्ता मिळत राहतो आणि तो सुटल्यावर निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा स्वतंत्र आदेश निघतो. फुटबॉलपटू हासुद्धा मुळात एक नोकरदारच असतो, फक्त त्याची नोकरी ठरावीक मुदतीची असते. अशी तयार व्यवस्था त्याच्या करारात नसेल तर काय होते, हे इंग्लंडमधील बेंजामिन मेंडी प्रकरणात जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच कुठे झाले असेल.

फ्रान्सचा हा बचावपटू 2017 साली मोनॅकोहून मँचेस्टर सिटीत आला. त्याचा करार जून 2023 अखेरपर्यंतचा आणि मूळ वेतन वर्षाला 60 लाख पौंड, म्हणजे महिन्याला पाच लाख पौंड होते. ऑगस्ट 2021 मध्ये त्याच्यावर बलात्कार आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवण्यात आले, क्लबने त्याला निलंबित केले आणि सप्टेंबरपासून त्याचा पगार पूर्णपणे थांबवला. चेस्टर येथील न्यायालयात खटला चालला आणि जानेवारी 2023 मध्ये ज्यूरीने त्याला बलात्काराच्या सहा आणि लैंगिक अत्याचाराच्या एका आरोपातून मुक्त केले. उरलेल्या दोन आरोपांवर ज्यूरीचे एकमत न झाल्याने त्यांची सुनावणी पुन्हा घ्यावी लागली आणि 14 जुलै 2023 रोजी तो त्यांतूनही सुटला. तोपर्यंत त्याचा करार संपून पंधरवडा झाला होता, आणि 22 महिन्यांचा पगार, म्हणजे एक कोटी दहा लाख पौंड, थकलेला होता. दरम्यानच्या काळात वकिलांचे शुल्क भागवण्यासाठी बर्नार्डो सिल्वा, रहीम स्टर्लिंग आणि रियाद महरेझ या सहकाऱ्यांनी आपल्याला पैसे उसने दिले, असे त्याने पुढे न्यायाधिकरणापुढे सांगितले.

मँचेस्टरच्या रोजगार न्यायाधिकरणापुढे क्लबचे म्हणणे साधे होते: जामिनाच्या अटींमुळे आणि फुटबॉल असोसिएशनने घातलेल्या बंदीमुळे हा खेळाडू खेळूच शकत नव्हता, आणि ज्याने काम केले नाही त्याला वेतन मागण्याचा हक्क नाही. वरकरणी हे पटण्यासारखे आहे. पण इंग्लंडच्या कामगार कायद्यात प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. कर्मचारी स्वतः काम करण्यास तयार होता का, आणि त्याला अडवणारा अडथळा त्याच्या इच्छेविरुद्ध आलेला होता का, हेही पाहिले जाते. न्यायाधीश जोआन डनलॉप यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या निर्णयात त्या 22 महिन्यांचे दोन भाग केले. मेंडी तुरुंगाबाहेर होता त्या काळात तो काम करण्यास तयार होता, बंदी आणि जामिनाच्या अटी त्याच्यावर लादल्या गेलेल्या होत्या, आणि अशा परिस्थितीत वेतन रोखण्याचा अधिकार क्लबला देणारे कलम करारात नव्हते. त्यामुळे तो पगार त्याला मिळायला हवा, असे ठरले. साधारण पाच महिने तो कोठडीत होता. तिथे जाण्यास जामिनाच्या अटी मोडण्याचे त्याचे स्वतःचे वर्तन काही अंशी कारणीभूत होते, म्हणून त्या काळाचे वेतन रोखणे क्लबला मुभा असलेली गोष्ट ठरली. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचे कारण मेंडीविषयीची सहानुभूती हे नाही. कोट्यवधींचा करार नामांकित वकिलांकडून लिहून घेणाऱ्या क्लबने त्यात अशा वेळेसाठीचे कलम घातले नसेल, तर ती उणीव खेळाडूच्या खिशातून भरून काढण्याला आधार काय?

याच्या उलट टोकाला इंग्लंडमधीलच संडरलँड क्लब आणि त्याचा खेळाडू अॅडम जॉन्सन यांचे प्रकरण आहे, आणि क्लब इतक्या घाईने पैसे का थांबवतात याचे उत्तर काही प्रमाणात त्यात सापडते. मार्च 2015 मध्ये अल्पवयीन मुलीशी लैंगिक वर्तन केल्याच्या संशयावरून जॉन्सनला अटक झाली. क्लबने त्याला निलंबित केले आणि सुमारे दोनच आठवड्यांत निलंबन मागे घेतले. पुढे जवळजवळ वर्षभर तो संघातून खेळत राहिला. फेब्रुवारी 2016 मध्ये खटला सुरू होताच त्याने काही आरोप न्यायालयात कबूल केले आणि तेव्हा कुठे क्लबने त्याला काढून टाकले. मार्चमध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. पोलीस तपासातील कागदपत्रे क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकारी मार्गारेट बर्न यांनी मे 2015 मध्येच पाहिली होती हे उघड झाले आणि त्यांना पद सोडावे लागले. दोषसिद्धीपर्यंत माणूस निर्दोष मानायचा हे तत्त्व बरोबर असले, तरी त्याला दर शनिवारी हजारो प्रेक्षकांपुढे मैदानात उतरवलेच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही. खेळापासून दूर ठेवून वेतन चालू ठेवणे हा मधला मार्ग क्लबला मोकळा होता, पण गुणतालिकेच्या तळाशी झगडणाऱ्या संघाला तो परवडणारा वाटला नसावा.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगने हाच मधला मार्ग नियमांत बसवला आहे. तिथे आयुक्त आरोपित खेळाडूला एका विशेष यादीत टाकू शकतात. त्या यादीतील खेळाडू सामना खेळत नाही, पण त्याचा पगार चालू राहतो, आणि 2014 मध्ये एड्रियन पीटरसनला असेच बाजूला ठेवण्यात आले होते. तरीही त्याच वर्षीच्या रे राइस प्रकरणात लीगची पुरती शोभा झाली. होणाऱ्या पत्नीला मारहाण केल्याबद्दल त्याला प्रथम केवळ दोन सामन्यांची बंदी घालण्यात आली. सप्टेंबरमध्ये लिफ्टमधील मारहाणीची चित्रफीत जगासमोर येताच बाल्टिमोर रेव्हन्स या त्याच्या क्लबने त्याचा करार रद्द केला आणि लीगने बंदी बेमुदत केली. एकाच कृत्याबद्दल दोनदा शिक्षा देता येत नाही, या कारणावरून लवादाचे काम पाहणाऱ्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बंदी नोव्हेंबर अखेरीस उठवली. क्लबविरुद्धचा वेतनाचा दावा पुढे तडजोडीने मिटला. राइस मात्र लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही.

कराराची भाषा खेळाडूच्या बाजूने किती झुकू शकते, हे पाहायचे असेल तर याच लीगमधील डेशॉन वॉटसनचे उदाहरण घ्यावे. लैंगिक गैरवर्तनाचे वीसहून अधिक दिवाणी दावे त्याच्याविरुद्ध दाखल झाले होते. टेक्सासमधील ग्रँड ज्यूरींनी मार्च 2022 मध्ये फौजदारी आरोप ठेवण्यास नकार दिला आणि लगेचच क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याच्याशी 23 कोटी डॉलरचा, संपूर्ण हमी असलेला करार केला. पहिल्या वर्षाचे मूळ वेतन मुद्दाम सुमारे 10 लाख डॉलर इतकेच ठेवलेले होते. बंदीच्या काळातील कपात मूळ वेतनातून होत असल्यामुळे 11 सामन्यांच्या बंदीने त्याचे नुकसान अगदीच किरकोळ झाले, त्यापेक्षा वेगळा लावलेला 50 लाख डॉलरचा दंडच मोठा ठरला. तक्रार करणाऱ्या महिलांनी ही आकडेमोड वाचली असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इतरत्र क्लब बहुधा न्यायालयाची वाट पाहतच नाहीत. जानेवारी 2023 मध्ये बार्सिलोनात ब्राझीलचा फुटबॉलपटू दानी आल्वेस याला लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली त्याच दिवशी मेक्सिकोच्या पुमास क्लबने त्याचा करार संपवला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च 2025 मध्ये कॅटलोनियाच्या उच्च न्यायालयाने पुरावा दोषसिद्धीस पुरेसा नसल्याचे सांगून ती रद्द केली. तोवर तो 41 वर्षांचा झाला होता. ब्राझीलच्या सांतोस क्लबने ऑक्टोबर 2020 मध्ये आपला जुना खेळाडू रोबिन्यो याला परत घेतले तेव्हा इटलीतील न्यायालयाने बलात्काराबद्दल त्याला सुनावलेली नऊ वर्षांची शिक्षा जगजाहीर होती. आठवड्याभरात करार स्थगित झाला तो प्रायोजकांच्या दबावामुळे, नवा पुरावा पुढे आल्यामुळे नव्हे.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाबद्दल सांगायचे तर, निर्दोष सुटलेल्या खेळाडूला क्लबकडून फार तर चालू कराराचे थकलेले वेतन मिळते. कोर्टकचेरीत गेलेले हंगाम आणि कदाचित झाला असता असा पुढचा करार, यांची भरपाई क्लबकडे मागता येत नाही. वेल्सचा फुटबॉलपटू चेड इव्हान्स एप्रिल 2012 मध्ये बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरला आणि शेफील्ड युनायटेडने त्याच्या कराराची मुदत त्याच उन्हाळ्यात संपू दिली, त्यामुळे क्लबकडे त्याचे काही येणे उरलेच नाही. त्याची दोषसिद्धी 2016 मध्ये रद्द झाली आणि फेरसुनावणीत तो सुटला. त्यानंतर हुकलेल्या कमाईपोटी त्याने दावा केला तो पहिल्या खटल्यात आपली बाजू सांभाळणाऱ्या वकिलांच्या संस्थेवर, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला.