चांगली चालणारी रायफल सैन्य का बदलतं?

तुम्ही विचारलंय, थ्री नॉट थ्री (इंग्रजांच्या काळातली .303 बोअरची रायफल) आजही बिनचूक चालते, मग सैन्य काही वर्षांनी नवीन रायफल का घेतं, यात फक्त खरेदी करणाऱ्यांचाच फायदा आहे का. मी फौजेत होतो, आता उदगीरला असतो. भरतीची तयारी करणारी इथली पोरंही हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी झाली एवढ्यावर रायफल सहसा बदलत नाहीत. नळी झिजली तर नळी नवी बसवता येते. बदलते ती लढाई: गोळीबार किती अंतरावर होतो, जवानाला किती ओझं वाहावं लागतं. त्यावरून राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, ठरतो आणि राउंडवरून रायफल.

थ्री नॉट थ्रीचा मार लांबचा, नेम पक्का. पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागंपुढं करावा लागतो. 1962 ला आपले जवान ती घेऊन लढले आणि समोर चिन्यांकडं पुढची गोळी आपोआप भरणारी हत्यारं होती. लोंढाच अंगावर येत असेल तर बोल्ट ओढण्यातला क्षण जिवावर बेततो. पुढं आपल्याकडं 7.62 मिमी जाडीच्या गोळीची एसएलआर आली, म्हणजे पुढची गोळी स्वतःच भरणारी रायफल.

एसएलआरवर माझा आजही जीव आहे. पण ती लांब, जड, आणि तिचा एक राउंड साधारण 24 ग्रॅमचा. 5.56 मिमीचा राउंड त्याच्या निम्मा, 12 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शंभर राउंडमागं सव्वा किलोचा फरक. घरात बसून हे काहीच वाटत नाही, पण पाठीवर पिट्ठू घेऊन डोंगर चढताना छातीला कळतं. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येतात. शिवाय बहुतेक गोळीबार तीन-चारशे मीटरच्या आतच होतो, हे दुसऱ्या महायुद्धातच दिसलं होतं. जर्मनांनी तेव्हा आखूड राउंडची रायफल काढली, रशियाची एके-47 ही त्याच विचाराची. 1987 ला आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तेव्हा तिथल्या झाडीत एलटीटीईच्या (तमिळ वाघांच्या) एके-47 समोर लांबलचक एसएलआर फार नडली.

1990 च्या दशकात 5.56 ची इन्सास ही आपली देशी रायफल आली. कारगिलच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिन तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या तक्रारी झाल्या. आणि अतिरेक्यांशी जवळून लढताना गोळी लागलेला माणूस तिथंच आडवा व्हावा लागतो, नाहीतर तो उलटून मारतो. म्हणून आपण परत जाड गोळीच्या 7.62 वर आलो. 2019 ला 72,400 सिग 716 या अमेरिकन रायफली घेतल्या, आणि पुढं अमेठीतल्या कोरव्याला एके-203, म्हणजे एके-47 ची नवी आवृत्ती, बनायला लागल्या. मात्र एके-203 चा राउंड एसएलआरपेक्षा आखूड आणि हलका आहे.

पैशांचं म्हणाल, तर रायफल बदलणं सैन्यालाच नको असतं. दारूगोळ्याचे कारखाने, सुटे भाग, लाखो जवानांचं प्रशिक्षण, सगळं नव्यानं उभं करावं लागतं. त्यामुळं बदल उशिरा होतो, आणि त्या उशिराची किंमत पुढच्या चौकीवरचा जवान मोजतो. मला राग येतो तो याचा, खरेदीचा नाही.

आता बुलेटप्रूफ जाकिटं वाढली म्हणून अमेरिकेनं 2022 ला 6.8 मिमीची नवी रायफल निवडली. जाकीट भेदायची ताकद आली, पण वजन वाढलं आणि मॅगझिनमध्ये 20 च राउंड राहिले. आपण त्यामागं लगेच धावू नये असं माझं मत आहे. आधी एके-203 प्रत्येक पायदळ जवानाच्या हातात पोचू द्या.