व्हॅनमध्ये राहून नोकरी: विजेचं जमतं, आधी रेंजचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरपासून तुम्ही दोघं ट्रॅव्हलरमध्ये राहायला निघताय, दोघांचीही नोकरी लॅपटॉपवरची, बायकोला रोज दोन-तीन व्हिडिओ कॉल, पावसाळ्यापर्यंत कोकण आणि जमलं तर जूनमध्ये लडाख. बॅटऱ्या किती, सोलर किती, एसी चालेल का आणि सिम कोणतं? क्रम वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी माझाही हाच क्रम होता. बॅटरीवर महिनाभर काथ्याकूट आणि सिमचा विचार निघायच्या आदल्या रात्री. म्हणून मी उलट्या टोकाने सुरू करतो. वीज साठवून ठेवता येते, रेंज साठवता येत नाही. बॅटरी कमी पडली तर रात्री पंखा बंद करून निभावता येतं. अकराच्या कॉलला रेंज नसेल तर अकरा वाजता काहीच करता येत नाही.

कोकणात हे फार लवकर कळतं. किनाऱ्यावरची बहुतेक गावं खाली, माडापोफळींत, खाडीच्या तोंडाशी वसलेली. तिन्ही बाजूंनी डोंगर, वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार. टॉवर सड्यावर नाहीतर तालुक्याच्या गावात. त्यामुळे जिथे फोटो झकास येतो तिथे रेंज नसते, आणि सड्यावर वारा नि करवंदीच्या जाळ्या सोडून काही नसतं पण दांड्या भरलेल्या असतात. गावातली जुनी माणसं फोन ओसरीवरच्या एका ठराविक खुंटीला टांगून ठेवतात आणि बोलायचं झालं तर तिथेच उभी राहून स्पीकरवर बोलतात, ते उगाच नाही. गुहागर तालुक्यात महिनाभर होतो तेव्हा आम्ही रात्री खाली समुद्राजवळ झोपायचो, सकाळी नाश्ता आटोपून साडेआठला गाडी वर सड्यावर, आणि पाच वाजता परत खाली. वीस मिनिटांचा रस्ता. सुरुवातीला हे जिवावर यायचं. मग लक्षात आलं की घर आणि ऑफिस वेगळं झालं की नोकरी जास्त धड होते.

मुक्कामाची जागा ठरवताना दांड्यांवर विश्वास ठेवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो, उणे डीबीएममध्ये. उणे ९५ पर्यंत आरामात काम होतं, उणे १०५ ला कॉल अडखळतो, उणे ११५ च्या पुढे व्हॉट्सअॅपचे निरोप गेले तरी नशीब. पण हा आकडा फक्त जोर सांगतो, गर्दी सांगत नाही. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी आले की त्याच टॉवरवर दसपट फोन येतात. दांड्या पूर्ण आणि एक साधा मेल जायला पाच मिनिटं! म्हणून जागा ठरवायच्या आधी वेग मोजा, आणि तोही सकाळी नको, संध्याकाळी आठ-नऊला मोजा. त्या वेळी सगळा गाव मोबाईलवर असतो. तेव्हा चाललं तर दिवसा चालेलच.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. टॉवरलाही लाईट लागते. गावातली लाईट गेली की टॉवर काही तास स्वतःच्या बॅटरीवर चालतो, मग जनरेटर असेल आणि त्यात डिझेल असेल तर पुढे. वादळी पावसात दोन दिवस लाईट गेली की तुमच्या गाडीत दिवे, पंखा, फ्रीज सगळं झकास चालू असतं आणि नेटवर्क शून्य. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरच्या बाजूला वीज आणि फोन परत यायला किती दिवस लागले ते तिकडच्या कोणालाही विचारा. तुमची बॅटरी कितीही मोठी असली तरी टॉवरची मोठी होत नाही. असा अंदाज असेल तर घाट चढून वर देशावर यायचं.

आता सिम. एकच चांगलं कार्ड असा प्रकार नसतो, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची हवीत. कुठल्या गावात कोणाचं चालतं ते नकाशापेक्षा तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा. दोघांचं मिळून तिसरं बीएसएनएलचं ठेवा, काही दऱ्याखोऱ्यांत फक्त तेच असतं. त्यातलं किमान एक पोस्टपेड असू द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये आणि काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, आणि हे लोकांना लेहला उतरल्यावर कळतं. बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात ते कार्ड राऊटरमध्ये घालू नका. मी घातलं होतं. एका बँकेच्या कामासाठी गाडीतला राऊटर उघडून कार्ड काढलं, ते नखाएवढं कार्ड सीटच्या फटीत पडलं, आणि पुढचा तास आम्ही दोघं टॉर्च घेऊन ओणवे.

फोनच्या हॉटस्पॉटवर सुरुवात होते, पण रोजच्या कामाला सिमवर चालणारा, १२ व्होल्टचा, बाहेरचा अँटेना जोडता येईल असा राऊटर घ्या. गाडीचं पत्र्याचं अंग सिग्नल खातं. छतावर अँटेना बसवला की माझ्याकडे त्या आकड्यात १० ते १५ चा फरक पडतो, म्हणजे अडखळणारा कॉल नीट चालतो. वायर जितकी आखूड तितकी बरी, पाच मीटर बारीक वायर टाकली तर छतावर कमावलेलं वायरीतच जातं. फाइव्ह-जीच्या मागे लागू नका. त्याच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराआड वळत नाहीत. ७०० ते ९०० च्या पट्ट्यातल्या बऱ्याच लांब पोचतात. काठावरच्या जागी फोन फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत बसतो आणि त्या उडीत कॉल तुटतो. राऊटर सरळ फोर-जीवर बांधून ठेवा.

आणि कोणी सिग्नल बूस्टर घ्या म्हणालं तर घेऊ नका. ऑनलाईन सर्रास मिळतात, पण परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे, शिवाय आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. सॅटेलाईट फोनचंही तेच, परदेशातून कोणी आणून दिला तरी नको.

विजेकडे येतो. लोक इथे अँपिअर-तासांत अडकतात. सोपं करा, घरच्या बिलासारखं युनिटमध्ये मोजा: हजार वॉट तासभर चालले की एक युनिट. दोन लॅपटॉप आठ तास, खरा वापर प्रत्येकी सरासरी ३० वॉट धरला तर अर्धा युनिट. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रीज दिवसाला ०.४५. दोन छोटे पंखे रात्रभर ०.३. राऊटर ०.१. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून ०.१ च्या आत. सगळं मिळून दिवसाला साधारण १.४ युनिट. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २.५६ युनिट, त्यातले दोन बिनधास्त वापरायचे. दीड दिवस निघतो. तुम्हाला एवढंच पुरे. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाची बॅटरी आणायचा मोह होईल, स्वस्त असते. पण तिची निम्मीच वीज वापरायची, वजन अफाट, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. झोपायच्या जागेत ती नको.

छतावर ४०० वॉटचे पॅनल हिवाळ्यात कोकणात सव्वा युनिटच्या आसपास देतात. सपाट बसवलेल्या पॅनलवर डिसेंबरात ऊन तिरपं पडतं. सूर्य दुपारी बारालाही आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. मेमध्ये उलट, पुण्यात १३-१४ तारखेला शून्य सावली, ऊन बरोबर डोक्यावर, पण पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि पंधरा टक्के तिथेच जातात. मोठं भांडण सावलीचं. एप्रिलमध्ये माणसाला आंब्याखाली उभं राहायचं असतं आणि पॅनलला उन्हात. पॅनलच्या कोपऱ्यावर एक फांदी आली तरी वीज तेवढ्यापुरती नाही, तिच्या कितीतरी पट कमी होते, कारण आतले सेल एका माळेत जोडलेले असतात. म्हणून छतावरच्या जोडीला १०० वॉटचा घडीचा पॅनल आणि दहा मीटर वायर ठेवा: गाडी सावलीत, पॅनल उन्हात दक्षिणेकडे तोंड करून. माडाखाली मात्र गाडी अजिबात लावू नका. सावलीचा प्रश्न नंतरचा, नारळ पॅनल बघून पडत नाही.

सोलरवर कमी पडतं ते गाडीच्या इंजिनातून भरा. डीसी-टू-डीसी चार्जर बसवून घ्या, ३० अँपिअरचा. तासाभराच्या ड्रायव्हिंगला ०.४ युनिट. बाजारहाटाला तालुक्याला जाऊन आलात की तूट भरून निघते. बीएस-सिक्स गाडीत अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) थेट वायर ओढून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून पुढे जा. या गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज वरखाली करतो, बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही.

इन्व्हर्टर हा खरा चोर. माझा २००० वॉटचा, नुसता चालू ठेवला, काहीही जोडलं नाही, तरी २० वॉट खातो. चोवीस तासांचा जवळपास अर्धा युनिट झाला, म्हणजे दोन लॅपटॉपांएवढा! लॅपटॉप टाईप-सीवर चार्ज होत असतील तर १२ व्होल्टवर चालणारे १०० वॉटचे चार्जर लावा आणि इन्व्हर्टर मिक्सरपुरता ठेवा. इंडक्शनचा विचार सोडा. अर्ध्या तासाच्या स्वयंपाकाला पाऊण युनिट जातं. ५ किलोचा गॅस सिलेंडर घ्या, आणि शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी.

त्या २००० वॉटच्या इन्व्हर्टरचीच गोष्ट. १२ व्होल्टवर तो पूर्ण भाराला पावणेदोनशे अँपिअर ओढतो. ज्याने मला वायरिंग करून दिलं तो घरगुती कामात उत्तम होता, पण केबलच्या टोकाचा लग, म्हणजे जोडणीची धातूची कडी, त्याने हातोडीने ठोकून बसवला होता आणि फ्यूज बॅटरीपासून दीड मीटर लांब. ताम्हिणीत चहाला थांबलो, बायकोने मिक्सर लावला, आणि आधी वास आला. लगचं इन्सुलेशन वितळून खाली टपकत होतं. बॅटरीचा स्विच हाताशी होता म्हणून गाडी वाचली. तेव्हापासून दोन गोष्टी मी स्वतः बघतो: लग हायड्रॉलिक प्रेसने दाबलेला, आणि फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात. इथे पैसे वाचवू नका, पॅनलमध्ये वाचवा.

ढाब्यावर किंवा होमस्टेला प्लग मिळाला तर आधी टेस्टर लावा. फेज-न्यूट्रल उलटे आणि अर्थिंग नाही, असं कितीदा तरी भेटतं, आणि संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंतही उतरतं. १६ अँपिअरची पंचवीस मीटर वायर जवळ ठेवा, ईएलसीबीसकट, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचसकट. आणि विजेचे पैसे मालक नको म्हणाले तरी द्या. पुढच्या गाडीवाल्याला प्लग मिळतो.

एसी. नाही. छतावरचा छोटासुद्धा चालू असताना हजारेक वॉट घेतो, एका रात्रीला चार युनिट. एवढ्या पैशात आणि वजनात तुम्ही एप्रिल-मे महाबळेश्वर, चिखलदरा, तोरणमाळ करू शकता. हजार मीटर वर गेलं की पारा सहा अंशांनी उतरतो, आणि रात्री पंखाही लागत नाही. गाडीला चाकं आहेत ती कशासाठी?

लडाखला लिथियमची एक अडचण: शून्याखाली ती चार्ज करायची नसते, आतून खराब होते. बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का ते विकत घेतानाच विचारा आणि बॅटरी आत, बिछान्याखाली ठेवा. जूनमध्येही हानले, त्सो मोरीरीच्या बाजूला पहाटे पारा शून्याला टेकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटाखाली माझे ४०० वॉट कधी अर्धा युनिट देतात, कधी पाव. तेव्हा आम्ही पुण्याजवळ एका ओळखीच्या शेतावर गाडी लावतो आणि प्लगवर जगतो. त्यात कमीपणा काही नाही. तसंच वहिनींचा एखादा कॉल खरंच अडता कामा नये असा असेल, मुलाखत वगैरे, तर आदल्या रात्री फायबर असलेल्या लॉजवर खोली घ्या. अशा रात्री मी वर्षाला पाच-सहा धरूनच चालतो, आंघोळही होऊन जाते.

निघायच्या आधी एक करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन, चार दिवस गाडीतच राहा. कामाचे दिवस, शनिवार-रविवार नव्हे. प्लग लावायचा नाही, घरचं वायफाय नाही. तिसऱ्या दिवशी काय कमी पडतं ते मला इथे लिहा, मग बॅटरीचं पक्कं सांगतो. फक्त वॉचमनला आधी सांगून ठेवा. आमच्याने रात्री दोनला काच ठोठावली होती.