एमजीबीसाठी फ्लायव्हील आणि क्लच निवडताना

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार शर्यतीसाठी उभी करत असाल, तर क्लचआधी फ्लायव्हीलचा, म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बसणाऱ्या जड चाकाचा, विचार करा. मूळ बिडाचे फ्लायव्हील लेथवर बेसुमार हलके करून घेऊ नका. जास्त आरपीएमला (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) बीड फुटले, तर तुकडे बेलहाउसिंग (फ्लायव्हील व क्लचवरचे धातूचे आवरण) भेदून थेट पायांपर्यंत येऊ शकतात, म्हणून पोलादीच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. वजन कडेचे घटवलेले असावे, कारण जडत्व त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लच मात्र गरजेपुरताच कडक निवडा, कारण पेडल दाबताना तो सगळा जोर क्रँकशाफ्टच्या अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्यांवर, येतो. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे मूळ रिलीज बेअरिंग कार्बनचे असल्याने, गिअर टाकून पेडल दाबून थांबलात, तर ते झपाट्याने झिजते. क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि क्लच कव्हर एकत्रच बॅलन्स करून घ्या व जुळणीच्या खुणा पंचने ठोकून ठेवा.