फळ्यावरचा ‘ळ’

प्रश्न : मी देवगड तालुक्यातली, बारावी कला शाखेत आहे. शेजारच्या कलमांच्या बागेत नेपाळी राखणदाराचं कुटुंब राहतं. त्यांची दोन मुलं गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातात, पण वर्गात गप्प बसतात. सगळे त्यांना ‘ढ’ म्हणतात. संध्याकाळी मी त्यांचा अभ्यास घेते. मला प्राथमिक शिक्षिका व्हायचंय. बाबा म्हणतात, डीएडला आता अर्थ नाही. शिवाय माझ्या बोलण्यात मालवणी येते. काय करू?

उत्तर : आधी त्या मुलांबद्दल लिहिते, कारण तुझं उत्तर त्यांच्यातच आहे.

नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. थोरला तिकडे शाळेत गेला असेल, तर बहुतेक अक्षरं त्याच्या ओळखीची आहेत. पण नेपाळीत ‘ळ’ नाही. फळा, शाळा, केळं, बाळ वाचताना तो अडखळतो, वर्ग हसतो आणि पोर तोंड मिटून बसतं. त्याला ढ कसं म्हणायचं? उद्या त्याला विचार, आंब्याला तुम्ही काय म्हणता? तो ‘आँप’ म्हणेल. माशाला ‘माछा’. भाताला भातच! अशा शब्दांच्या जोड्या चित्रांसह कागदावर काढ आणि वर्गात लावू द्याल का, असं गुरुजींना विचार. इतर मुलं त्याच्याकडून एक शब्द शिकली, की तोही बोलू लागतो. हे मी खलाशांच्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. आपल्याकडे खेड्यात नेपाळी माध्यमाची शाळा निघणार नाही, हे उघड आहे. पण वर्गात त्या भाषेला जागा द्यायची की नाही, हे बाईंच्या हातात असतं. म्हणून तर मला तू त्या वर्गात हवी आहेस.

आता तुझी मालवणी. तिसरीत मी निबंधात ‘माका’ लिहिलं म्हणून बाईंनी वहीचं पान फाडलं होतं. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. ‘मला’ शिकवणं त्यांचं कामच होतं. पण घरात ‘माका’, पुस्तकात ‘मला’, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. घरची बोली आणि शाळेची भाषा यांच्यामधलं अंतर तू रोज चालतेस, म्हणून त्या मुलांचं अडखळणं तुला दिसलं. प्रमाण मराठी मात्र पक्की कर. रोज पानभर मोठ्याने वाच, पानभर लिही. तुझ्या मुलांना दोन्ही लागणार आहेत.

बाबांची काळजी खरी आहे. जुन्या डीएडच्या जागी आता दोन वर्षांचं डीएलएड आहे. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. पहिली ते पाचवीसाठी तिचा पहिला पेपर १५० गुणांचा असतो आणि त्यातले ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे. मग शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवरची भरती. ती कधी निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून डीएलएडनंतर थांबून राहू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए कर. पुढे माध्यमिककडे किंवा भाषाविज्ञानाकडे वळायचं झालं तर पदवी लागतेच. ‘थेट बीएड कर’ असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेव, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानुसार नुसत्या बीएडवर प्राथमिक शिक्षक होता येत नाही. बाबांना हे पत्र वाचून दाखव आणि भरती लांबली तर काय करायचं, ते दोघांनी आत्ताच ठरवा.

अजून एक. आंबा उतरला की ते कुटुंब कदाचित दुसरीकडे जाईल. त्याआधी मुलांच्या वडिलांबरोबर शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला मागून घे, त्यांना एकट्याने ते जड जाईल. पुढच्या हंगामात ते परतले आणि दाखल्यावाचून कुणी अडवलं, तर घाबरू नका. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळेला प्रवेश लांबवता येत नाही किंवा नाकारताही येत नाही.