अबिराटेरोन नव्याने सुरू झालंय? मग आधी इतर गोळ्यांची यादी करा

प्रोस्टेट कॅन्सरसाठी तुम्हाला अबिराटेरोन लिहून दिलंय, म्हणून हे कळकळीने सांगतोय. आधीपासून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा, आयुर्वेदिक चूर्ण आणि खोकल्याचं औषधसुद्धा. लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात. अबिराटेरोन यकृतातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं रक्तातलं प्रमाण जवळपास तिप्पट होऊ शकतं. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉलचंही तसंच, ते वाढलं की नाडी मंदावते. डायबेटीससाठी पायोग्लिटाझोन किंवा रेपाग्लिनाइड घेत असाल तर साखर एकदम खाली येऊ शकते, ती वरचेवर तपासा.

उलटही घडतं. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सचं फेनिटॉइन चालू असेल, तर अबिराटेरोनच शरीरातून लवकर निघून जातं आणि त्याचा असर कमी होतो.

स्पायरोनोलॅक्टोनबद्दल मी मुद्दाम बजावतो. पायाला सूज आली की हे औषध सर्रास दिलं जातं, पण ते अँड्रोजेन रिसेप्टरला (पेशींवर पुरुषी हॉर्मोन जिथे काम करतं ती जागा) चिकटतं आणि त्याने पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात तपासतात ते प्रथिन) वाढू शकतो. लिहून देणारे दुसरे डॉक्टर असतील, तर अबिराटेरोन चालू असल्याचं त्यांना तुम्हीच सांगा.

गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची: खाल्ल्यावर दोन तासांनी, आणि नंतर तासभर काही खायचं नाही. जेवणासोबत घेतली तर रक्तातलं प्रमाण कितीतरी पट वाढतं. सोबत दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मात्र मनाने कधीच बंद करू नका. पोटॅशियम आणि रक्तदाब त्यानेच आवरलेले असतात.